विमानाचे मैल : एका हुंडीचा इतिहास

श्रोतेहो, विमानप्रवासाचा विषय लाखनीसारख्या गावी कशाला, असे कोणी विचारील. भंडाऱ्याहून साकोलीकडे जाणाऱ्या महामार्गावरचे हे आपले गाव; भोवती धानाची शेती. परंतु आज आपल्या भागातली मुले पुण्याला, बंगळुरूला, कोणी आखाती देशांतही नोकरीला आहेत. दिवाळीला ती नागपूरला विमानातून उतरतात आणि मोटारीने घरी येतात. प्रत्येक प्रवासागणिक त्यांच्या नावावर विमान कंपनीच्या वहीत काही ‘मैल’ किंवा ‘पॉइंट’ जमा होतात. पुष्कळांना त्याची दादही नसते. हे मैल कोठून आले आणि त्यांचे मोल कसे राखावे, हे नीट कळले तर वर्षातून एकदा येणारा मुलगा कदाचित दोनदा येईल.

विमान आपल्याला अगदीच परके नव्हे. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटांनी कराचीहून मुंबईला जुहूच्या धावपट्टीवर टपालाचे विमान आणले. पुढे ३० जानेवारी १९४९ पासून रात्रीची हवाई टपालसेवा सुरू झाली, आणि तिचे केंद्र होते आपले नागपूर. मुंबई, दिल्ली, कलकत्ता व मद्रास येथून निघालेली विमाने मध्यरात्री नागपुरात जमत, थैल्यांची अदलाबदल करीत आणि आपापल्या गावी परत जात. १९५३ साली विमान कंपन्यांचे राष्ट्रीयीकरण झाले. देशातली वाहतूक इंडियन एअरलाइन्सकडे आणि परदेशची एअर इंडियाकडे गेली. गिऱ्हाइकाला दुसरे दुकानच उरले नाही. मग दुकानदार मापावर मूठभर जास्त कशाला घालील?

ही जास्तीची मूठ अमेरिकेत निघाली. तिथे १८९६ पासून स्पेरी अँड हचिन्सन या कंपनीची हिरवी तिकिटे प्रसिद्ध होती. किराणा घेतला की दुकानदार तिकिटे देई. ती वहीत चिकटवायची आणि वह्या भरल्या की त्यांवर भांडी किंवा दिवा घ्यायचा. १९७८ साली अमेरिकन सरकारने विमानभाड्यावरील नियंत्रण उठवण्याचा कायदा केला आणि कंपन्यांत चुरस लागली. १ मे १९८१ रोजी अमेरिकन एअरलाइन्सने प्रवासाच्या मैलांचा हिशेब ठेवून फुकट तिकीट देण्याची योजना काढली. युनायटेड कंपनीनेही लगोलग तोच मार्ग धरला.

यात कंपनीचा फायदा काय? आठवडी बाजारातली मेथीची जुडी आठवा. संध्याकाळपर्यंत विकली नाही तर ती दुसऱ्या दिवशी कवडीमोल. विमानातली रिकामी खुर्चीही तशीच. विमान उडाले की ती विकता येत नाही. अशी खुर्ची जुन्या गिऱ्हाइकाला दिली तर कंपनीचा खर्च थोडा, आणि गिऱ्हाईक मात्र बांधले गेले.

आपल्याकडे १९९० नंतर खासगी कंपन्या आल्या. जेट एअरवेजची विमाने १९९३ साली उडू लागली. १९९४ साली जुना राष्ट्रीयीकरणाचा कायदा रद्द झाला. चुरस आली, तशा मैलांच्या योजनाही आल्या.

आता मुख्य मुद्दा. हे मैल म्हणजे पैसा नव्हे. ती एक प्रकारची हुंडी आहे. पण अशी हुंडी, की जिच्यावरचा आकडा लिहिणाऱ्यालाच पुढे बदलता येतो. हुंडी काढणारी पेढीच बुडाली, तर कागद हातात राहतो. २०१२ साली किंगफिशरची विमाने थांबली आणि तिच्या प्रवाशांचे साठवलेले पॉइंट वाया गेले. एप्रिल २०१९ मध्ये जेटची विमाने जमिनीवर आली. तिची पॉइंट-योजना निराळ्या कंपनीकडे असल्यामुळे नाव बदलून टिकली खरी, परंतु ज्या विमानांसाठी लोकांनी मैल जमवले, ती विमानेच उरली नाहीत. याच्या उलट, नोव्हेंबर २०२४ मध्ये विस्तारा एअर इंडियात विलीन झाली, तेव्हा तिच्या सभासदांचे पॉइंट नव्या खात्यात वळते झाले. म्हणजे दैव प्रत्येक वेळी सारखे नसते.

मोजण्याची रीतही पालटली आहे. अमेरिकेत डेल्टा आणि युनायटेडने २०१५ साली, व आपल्याकडे एअर इंडियाने २०२४ साली, अंतराऐवजी खर्च केलेल्या पैशावर पॉइंट देणे सुरू केले. मैल हा शब्द राहिला, मोजमाप गेले. शेर-पायली बोलण्यात राहिली आणि तराजूत किलो आला, तसेच.

तर मग या पॉइंटचे मोल काढावे कसे? शिक्षकमित्रांनी हे गणित वर्गातही घालावे. समजा, नागपूरच्या तिकिटाला रोख ६,००० रुपये पडतात. तेच तिकीट ८,००० पॉइंट आणि कराचे १,२०० रुपये भरून मिळते. वाचले ४,८०० रुपये. त्यांना ८,००० ने भागा. एक पॉइंट साठ पैशांचा झाला. त्याच ८,००० पॉइंटांत २,००० रुपयांचे मिक्सर घेतले, तर पॉइंट पंचवीस पैशांवर आला. साधारणतः वस्तूंपेक्षा तिकिटातच त्याला भाव येतो. आणि जिथे पॉइंटचा दर ठरलेला असतो, तिथे सणासुदीला किंवा घरी कोणी आजारी पडल्यावर, रोख भाडे कडाडलेले असताना, तो सर्वांत जास्त कामी येतो. मात्र जागा शिल्लक हवी.

बाकी पथ्ये साधी आहेत. तिकीट काढतानाच सभासद क्रमांक लिहावा. ओळखपत्रावरचे आणि खात्यावरचे नाव एकच असावे. मुदत केव्हा संपते, ते पंचांगावर टिपून ठेवावे. पॉइंटच्या लोभाने महाग तिकीट घेऊ नये, आणि क्रेडिट कार्डावर पॉइंट मिळतात म्हणून उधारी तर मुळीच करू नये. व्याज पॉइंटच्या कितीतरी पुढे धावते.

तात्पर्य, धान कोठीत राखून ठेवता येते, पॉइंट राखून ठेवण्याचा जिन्नस नव्हे. तिकिटापुरते जमले की वापरून टाकावेत. शहरातल्या मुलाशी फोनवर बोलाल, तेव्हा खात्यावर किती जमा आहेत आणि मुदत कधीची आहे, एवढे जरूर विचारा.