धुराडे आधी की मर्यादा आधी?

पाणवठ्याचे पाणी नासले तर घागर घेऊन दुसऱ्या पाणवठ्यावर जाता येते. हवेच्या बाबतीत ती सोय नाही. मनुष्य जेथे राहतो तेथलीच हवा त्याला घ्यावी लागते, आणि तीही क्षणोक्षणी. म्हणून धुराच्या इतिहासापेक्षा धुराला घातलेल्या मर्यादेचा इतिहास आम्हांस अधिक महत्त्वाचा वाटतो. ही मर्यादा कोणाच्या रक्षणासाठी घातली गेली, आणि ती धुराडे उभारण्यापूर्वी घातली की उभारल्यानंतर, हे दोन प्रश्न विचारीत या इतिहासाकडे पाहू.

१६६१ साली जॉन एव्हलिन या गृहस्थाने लंडनच्या धुराविषयी एक पुस्तिका लिहून ती दुसऱ्या चार्ल्स राजाला अर्पण केली. दगडी कोळशाचा धूर राजवाड्यात शिरतो, वस्त्रे व चित्रे काळवंडवितो आणि नागरिकांची छाती पोखरतो, अशी त्याची तक्रार होती. चुन्याच्या भट्ट्या आणि साबण करणारांचे कारखाने शहराबाहेर न्यावेत व भोवती सुगंधी झाडे लावावीत, हा त्याचा उपाय. सूचना चांगली होती. पण हातून काही घडले नाही. पुढे यंत्रयुग आले आणि जो धूर उपद्रव होता तोच भरभराटीची खूण मानला जाऊ लागला.

१९२९ च्या सुमारास लंडनमध्ये एक नवा प्रसंग उद्भवला. थेम्सच्या काठी बॅटरसी येथे प्रचंड वीजघर बांधण्याची योजना जाहीर झाली. धुराडे अजून उभे राहिले नव्हते, तोच वाद पेटला. गंधकयुक्त धुराने उद्याने कोमेजतील, इमारती झिजतील आणि नदीपलीकडील टेट चित्रशाळेतील चित्रे बिघडतील, अशी भीती व्यक्त झाली. अखेर धूर धुऊन मगच सोडावा, या अटीवर परवानगी मिळाली आणि १९३३ साली वीजघर सुरू झाले. थेम्सच्या पाण्याने धूर धुतल्यामुळे गंधक पुष्कळ कमी झाला. परंतु थंड व ओला झालेला धूर उंच न चढता खाली उतरू लागला. उपायालाही किंमत असते, ती अशी. तथापि बांधण्याआधी जाब विचारला गेला, ही गोष्ट मोठीच म्हटली पाहिजे.

पण त्याच शहरात घराघरांतल्या शेगड्यांना कोणी जाब विचारला नाही. १९५२ च्या डिसेंबरात, ५ ते ९ तारखेपर्यंत, थंड हवेचे झाकण शहरावर बसले आणि धूर खालीच कोंडला. त्या वेळी सुमारे ४,००० माणसे अकाली दगावली असा अंदाज झाला. पुढील संशोधकांनी तो आकडा १२,००० पर्यंत नेला. तेव्हा कोठे १९५६ साली स्वच्छ हवेचा कायदा झाला. चित्रांसाठी अट आधी आली. फुप्फुसांसाठी कायदा प्रेते मोजल्यावर आला.

हा धूर शरीरात करतो तरी काय? मोठी धूळ नाकातच अडते. परंतु अडीच मायक्रॉनांहून लहान कण, म्हणजे केसाच्या जाडीच्या सुमारे तिसाव्या हिश्शाइतके, थेट फुप्फुसांच्या वायुकोशांपर्यंत पोचतात. गंधकाचा वायू श्वासनलिका आवळतो; दमेकऱ्याला तो तत्काळ जाणवतो. सूक्ष्म कणांचे कार्य अधिक गुप्त. ते वर्षानुवर्षे दाह चालू ठेवतात आणि त्यांचा मारा फुप्फुसांइतकाच हृदयावरही होतो. १९९३ साली प्रसिद्ध झालेल्या सहा अमेरिकन शहरांच्या अभ्यासात सर्वांत मलिन शहरातील मृत्युप्रमाण सर्वांत स्वच्छ शहरापेक्षा सुमारे २६ टक्क्यांनी अधिक आढळले. डोळ्यांना दिसणारा धूर हटला म्हणजे संकट टळले असे नव्हे, हा त्याचा धडा.

आता घराकडे वळू. मुंबईत धुराच्या उपद्रवाचा कायदा १९१२ इतका जुना आहे. पण १९५४-५५ मध्ये तुर्भे येथे तेलशुद्धीचे कारखाने आले, १९५६ मध्ये औष्णिक वीजघर आले आणि १९६५ मध्ये खताचा कारखाना. शेजारच्या चेंबुरात तोपर्यंत वस्ती झालेलीच होती. फाळणीने उखडलेली कुटुंबे तेथील छावणीत आली होती. लोकांनी चेंबूरला ‘गॅस चेंबर’ हे नाव दिले, त्यात विनोद थोडा आणि खोकला फार होता. याच वीजघरात पुढे समुद्राच्या पाण्याने धूर धुण्याची योजना झाली. बॅटरसीची अट मुंबईला पोचण्यास अर्धे शतक लागले.

१९८१ साली देशाचा हवा कायदा झाला व १९८२ मध्ये मानके ठरली. त्यांत १९९४ साली सुधारणा झाली. हवेत तरंगणाऱ्या धुळीची वार्षिक सरासरी औद्योगिक भागात घनमीटरला ३६० मायक्रोग्रॅम, निवासी भागात १४० आणि संवेदनशील भागात ७० चालेल, असे त्यांत म्हटले होते. हे आकडे नीट पाहावेत. कारखान्याच्या भिंतीला लागून राहणाऱ्या मजुराच्या मुलाचे फुप्फुस काही वेगळ्या मातीचे घडलेले नसते. औद्योगिक व निवासी हा भेद २००९ च्या मानकांत गेला आणि सूक्ष्म कणांसाठी ४० ही वार्षिक मर्यादा सर्वांना सारखी झाली. आमच्या मते हा केवळ तांत्रिक फेरफार नव्हे. ती समतेची नोंद आहे.

तरी एक धोका उरतोच. नवा प्रकल्प येतो तेव्हा आजची हवा मोजतात, त्यात होऊ घातलेली भर मिळवतात, आणि बेरीज मर्यादेच्या आत बसली की समाधान मानतात. जणू मर्यादेपर्यंतची जागा भरण्यासाठीच मोकळी ठेवली आहे! जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये हीच सूक्ष्म कणांची पातळी ५ वर आणली. ५ आणि ४० यांमधल्या अंतरात माणसे आजारी पडतात. मर्यादा ही वेस आहे. वेशीपर्यंत घाण नेऊन टाकण्याचा तो परवाना नव्हे.

यास्तव गावाजवळ धुराडे येणार असे ऐकताच विचारावयाचे ते आजच विचारावे: वारा कोणत्या महिन्यांत कोणाच्या घराकडे वाहतो, शाळा किती अंतरावर आहे, आणि पुढे हवा कोण मोजणार व आकडे कोठे लावणार? सुनावणीच्या दिवशी विचारलेला एक प्रश्न धुराडे उभे राहिल्यानंतरच्या शंभर अर्जांहून भारी ठरतो.