वाकलेल्या पाटीची कुळकथा

भाचीचा लग्नाआधीचा फोटो घरच्या ग्रुपवर आला. जागा कॅसलरॉक स्टेशन, मागे धुक्यातला घाट. गाल आवळलेले, हनुवटी निमुळती, एकूण देखणी दिसत होती. पण गालाशेजारची स्टेशनची पिवळी पाटी आत ओढली गेली होती आणि तिच्यावरची कानडी अक्षरं कमरेत वाकली होती. १९६१ पूर्वी पोर्तुगीज गोव्याच्या वेशीवर उभं राहिलेलं हे स्टेशन. त्याची पाटी अशी वाकलेली बघवेना.

फोटोवाल्यानं ‘लिक्विफाय’ मारलं होतं. फोटोशॉपमध्ये हे साधन २००० साली, सहाव्या आवृत्तीत आलं. त्याआधी १९९६ मध्ये ‘काइज पॉवर गू’ नावाच्या प्रोग्राममध्ये लोक ओळखीचे चेहरे कणकेसारखे ताणून हसत बसायचे. साधन फोटोवर एक अदृश्य जाळी पसरतं. ब्रश सरकला की जाळीच्या गाठी सरकतात आणि नव्या चित्रातल्या प्रत्येक ठिपक्यासाठी जुन्या चित्रातल्या कुठल्या जागेचा रंग घ्यायचा ते त्या गाठींवरून ठरतं. गाल कुठे संपला आणि पाटी कुठे सुरू झाली, हे जाळीला ठाऊक नसतं. सावध कारागीर आधी पाटी गोठवून ठेवतो. म्हणजे पाटी सरळ दिसली तरी चेहरा मूळचाच, असं धरून चालता येत नाही.

ही जाळी मात्र संगणकाहून कितीतरी जुनी आहे. जर्मन चित्रकार आल्ब्रेख्त ड्यूररचा मानवी प्रमाणांवरचा ग्रंथ १५२८ साली, त्याच्या मृत्यूनंतर काही महिन्यांनी निघाला. त्यात तो चेहऱ्यावर आडव्या-उभ्या रेघा आखतो. त्या कुठे जवळ आणतो, कुठे तिरक्या करतो आणि त्याच चेहऱ्यातून वेगळी माणसं उभी करतो. मला ही पानं फार मोलाची वाटतात. माणसामाणसांत इतकं वेगळेपण येतं कुठून, हा त्याचा प्रश्न होता. १९१७ साली डार्सी थॉम्पसन या स्कॉटिश जीवशास्त्रज्ञानं तीच युक्ती माशांवर चालवली: काटेरी फुग्या माशावरची जाळी वाकवली आणि सनफिश मासा उमटला. ड्यूररचं ऋणही त्यानं मानलं.

मधल्या काळात फ्रान्समधल्या लुई द्युको द्यु ओरोंनं १८८८च्या सुमारास भिंगाऐवजी एकापुढे एक दोन चिरा ठेवून स्वतःचाच चेहरा लांबट आणि बसका करून छापला.

चेहरा मुद्दाम बिघडवायची आपल्याकडची वाट व्यंगचित्रातून गेली. इटालियन ‘कारिकारे’ म्हणजे ओझं लादणं, त्यावरून ‘कॅरिकेचर’ आलं. मराठीनं त्याला ‘अर्कचित्र’ म्हटलं, आणि मला हा शब्द मूळ शब्दाहून नेमका वाटतो. १९६० साली बाळ ठाकरे यांनी ‘मार्मिक’ काढलं, तेव्हा मराठी वाचकाला पुढाऱ्याचं नाक वाढवलेलं बघून तो चटकन ओळखू यायचा. रेष जितकी ओढावी तितका माणूस गडद व्हायचा. लिक्विफायच्या रोजच्या वापरात याच्या उलट होतं: रेष ओढली की माणूस पुसट होतो. २०१६ पासून तर प्रोग्राम स्वतःच डोळे, नाक, जिवणी शोधून काढतो आणि प्रत्येकासाठी सरकपट्टी देतो. सगळ्यांच्या पट्ट्या साधारण एकाच दिशेला सरकतात.

आम्ही फोटोवाल्याकडून मूळ फोटो मागवला. त्यात पाटी सरळ आहे, आणि भाचीच्या डाव्या गालावर तिच्या आजीची खळी आहे.