नाणं खणखणीत आहे का?

रेवदंड्याला आजीच्या देवघरात एक राजाछाप रुपया आहे. पुढे सहावा जॉर्ज, मागे वाघ, साल 1947. दर लक्ष्मीपूजनाला त्याची पूजा होते. "चांदीचा आहे हो, जपून," असं आजी नेहमी बजावते. मागच्या सुट्टीत मी सहज फ्रीजवरचं मॅग्नेट त्याला लावलं आणि... टपकन चिकटलं! चांदी चुंबकाला चिकटत नाही. आजीचा चेहराच पडला. "म्हणजे फसवलं की काय रे कोणी ह्यांना?"

थांबा, आजीकडे परत येऊच. आधी जरा 350 वर्षं मागे.

मे 1674. मुंबईहून निघालेला इंग्रज वकील हेन्री ऑक्झिंडन इथेच, चौलला उतरला आणि पुढे रायगडावर राज्याभिषेकाला पोचला. तहाच्या कलमांची यादी सोबत होतीच. त्यातलं एक कलम असं, की कंपनीची मुंबईत पाडलेली नाणी स्वराज्यात चालावीत. मुंबईत तेव्हा चांदीची अँग्लिना, तांब्याची कॉपरून आणि कथलाची टिनी पाडायला नुकतीच सुरुवात झाली होती.

महाराजांकडून उत्तर आलं ते साधारण असं: कुठल्याही नाण्याला आम्ही बंदी करत नाही, पण ज्यात रयतेचं नुकसान होईल ते नाणं घ्या अशी सक्तीही करणार नाही. मोगलांच्या नाण्याइतकं वजन आणि कस असेल तर तुमचंही चालेल.

आमच्या भाषेत सांगायचं तर, ब्रँड बघणार नाही, टेस्ट पास व्हा!

आता ही टेस्ट करायची कशी? घासलेलं कथील चांदीसारखंच दिसतं. सराफ कसोटीच्या दगडावर रेघ ओढून बघतो. बाजारातला माणूस नाणं दगडावर आपटून आवाज ऐकायचा; 'खणखणीत नाणं' म्हणतो ते त्यावरूनच. शिसं बद्द वाजतं, शिवाय कागदावर करडी रेघ उमटवतं. कथलाची पट्टी वाकवली तर करकर आवाज येतो.

आणि घरी करता येईल असा आर्किमिडीजचा प्रयोग. पॉकेट वजनकाट्यावर पाण्याचा ग्लास ठेवून काटा शून्यावर आणा. नाणं दोऱ्याने पाण्यात बुडवा, तळाला टेकू देऊ नका. काटा दाखवेल तेवढे ग्रॅम म्हणजेच नाण्याचं घनफळ. नाण्याच्या वजनाला त्याने भागा, झाली घनता! चांदी 10.5, कथील 7.3. शिसं मात्र 11.3, म्हणजे चांदीच्या जवळच. म्हणून एका टेस्टवर विसंबू नये.

आजीचा रुपया 11.6 ग्रॅम भरला, पाण्यात 1.3. घनता 8.9. शिवाय चुंबकाला चिकटतो. म्हणजे निकेल!

पण फसवलं कोणीच नव्हतं. 1940 पासून सरकारनेच रुपयातली चांदी निम्म्यावर आणली होती आणि 1947 चा रुपया तर शुद्ध निकेलचाच पाडला. वजन तेच, चेहरा राजाचाच, वाजायचाही छान. तोपर्यंत रुपयाची किंमत धातूत नाही, सरकारच्या शब्दात आली होती. रायगडावर ज्याची खात्री करून घ्यायची रयतेला मुभा होती, ते आता विश्वासावर घ्यायचं होतं.

आजीला एवढंच सांगितलं, "रुपया खरा आहे गं, फक्त चांदीचा नाही."

"मग असू दे देवघरातच," ती म्हणाली. "आजोबांच्या पहिल्या पगारातला आहे तो."

ह्याची टेस्ट कुठल्या काट्यावर करणार?