वहाणा मागणारा व्हॅम्पायर

विनोदी व्हॅम्पायर-प्रेमकथा हा प्रकार इंग्रजी वाचकांत आता चांगला रुळला आहे. २००४ साली मेरीजॅनिस डेव्हिडसन या अमेरिकन लेखिकेची ‘अनडेड अँड अनवेड’ ही कादंबरी आली. तिची नायिका बेट्सी टेलर नोकरी गमावते, अपघातात मरते आणि पुरण्याआधीच व्हॅम्पायर होऊन जागी होते. मग ती भडकते कशावरून, तर आपल्या पायांत कुणीतरी हलक्या प्रतीचे बूट चढवले म्हणून. अशा पुस्तकांवर भयकथांच्या निष्ठावंत वाचकांचा एक ठरलेला आक्षेप असतो. मूळचा व्हॅम्पायर भीषण आणि गूढ होता, बाजाराने त्याला हसरा नवरदेव करून टाकला, असे त्यांना वाटते. पण व्हॅम्पायरच्या जन्मगावची कागदपत्रे आणि तिथल्या कथा नीट पाहिल्या, तर क्रम नेमका उलटा दिसतो. व्हॅम्पायर आधी घरचा माणूस होता, त्याला उमराव मागाहून केला गेला. विनोद आणि प्रेम ही दोन्ही त्या जुन्या घरातूनच आलेली आहेत.

सुरुवात सर्बियातल्या किसिल्येव्हो या गावापासून करावी लागते. १७१८ च्या तहानंतर हा मुलूख ऑस्ट्रियाच्या हॅब्सबर्ग राजवटीकडे गेला होता, त्यामुळे खेड्यातली भानगड सरकारी दप्तरात नोंदली जाऊ लागली. १७२५ मध्ये फ्रोमबाल्ड नावाच्या अधिकाऱ्याने वर अहवाल पाठवला आणि त्याच वर्षीच्या जुलैत तो व्हिएन्नाच्या वृत्तपत्रात छापून आला. पेटार ब्लागोयेविच हा शेतकरी मरून दहा आठवडे झाले होते. मग आठ दिवसांत गावातली नऊ माणसे दगावली आणि मरण्याआधी ती म्हणत होती की पेटार रात्री येऊन आपला गळा दाबतो. गावकऱ्यांनी अधिकाऱ्याला बजावले की थडगे उकरायची परवानगी दिली नाहीत तर आम्ही गाव सोडून जाऊ. थडगे उकरले, प्रेत ताजे दिसले, छातीत खुंटा ठोकून ते जाळण्यात आले. आणि याच अहवालात एक ओळभर मजकूर असा आहे की तो एकदा वाचला की विसरता येत नाही. पेटारच्या बायकोने सांगितले होते की नवरा आपल्याकडे आला आणि त्याने आपल्या वहाणा मागितल्या. सर्बियन शेतकरी घालत तशा, चामड्याच्या. त्यानंतर ती बाई किसिल्येव्हो सोडून दुसऱ्या गावी गेली.

युरोपच्या छापील इतिहासातला हा व्हॅम्पायरचा जवळजवळ पहिलाच तपशीलवार उल्लेख. त्यात किल्ला नाही, झगा नाही, मोहक नजरही नाही. आहे तो घरी परतलेला नवरा, आणि त्याला हव्या आहेत त्याच्या वस्तू. कुणी म्हणेल, नऊ माणसे मेलेली असताना यात विनोद शोधणे बरे नव्हे. ते खरेच आहे. साथीचे कारण न कळलेल्या त्या गावाची भीती अस्सल होती. पुढे मेद्व्हेद्या या सर्बियन गावातल्या अशाच प्रकरणाचा लष्करी वैद्यांचा अहवाल १७३२ मध्ये युरोपभर गाजला आणि अखेर १७५५ मध्ये सम्राज्ञी मारिया थेरेसा हिला प्रेते उकरण्यावर बंदी घालावी लागली. पेटारच्या बायकोच्या जबानीला हसणे हे निर्दयपणाचे होईल. मुद्दा एवढाच की विनोदाला लागणारी सगळी सामग्री त्या जबानीत आहे. मेल्यावरही माणसाच्या गरजा सुटत नाहीत, आणि त्या घेऊन तो येतो ते आपल्याच माणसांकडे. सर्बियन भाषेचा थोर कोशकार व्हूक काराजिच याने आपल्या कोशात लोकसमजूत नोंदवली आहे की असा मृत कधीकधी स्वतःच्या बायकोकडे येतो, विशेषतः ती तरुण आणि देखणी असेल तर, आणि त्या संबंधातून झालेल्या मुलाला हाडे नसतात. म्हणजे प्रेमाचा धागा कादंबरीकारांनी बाहेरून आणून जोडलेला नाही.

उमराव आला तो १८१९ मध्ये. कवी बायरनचा एकेकाळचा डॉक्टर जॉन पोलिडोरी याची ‘द व्हॅम्पायर’ ही कथा लंडनच्या मासिकात छापली गेली, तीही चुकून बायरनच्या नावावर. तिच्यातला लॉर्ड रुथव्हेन हा थंड, श्रीमंत, बायकांना नादी लावणारा सरदार, आणि पुढचे सगळे झगेवाले त्याचेच वंशज. पण या उमरावालासुद्धा रंगभूमीने फार काळ गंभीर राहू दिले नाही. जून १८२० मध्ये शार्ल नोदियेचे व्हॅम्पायर-नाटक पॅरिसमध्ये गाजले आणि त्याच महिन्यात योजेन स्क्रीब व त्याच्या सहकाऱ्याचे त्याच विषयावरचे संगीत-प्रहसन दुसऱ्या रंगमंचावर उभे राहिले. ऑगस्टमध्ये लंडनला नाटककार प्लांशेने नोदियेचे नाटक इंग्रजीत आणले. स्कॉटलंडात व्हॅम्पायरची परंपरा नाही हे त्याला पक्के ठाऊक होते, तरी व्यवस्थापकाच्या हट्टापायी कथा तिथेच घडवावी लागली, कारण स्कॉटिश पोशाख थिएटरच्या कोठारात तयार होते. व्हॅम्पायर अदृश्य व्हावा म्हणून त्या नाटकासाठी स्प्रिंगच्या दोन झडपांचा चोरदरवाजा बसवला गेला. त्या सोयीला नाटकवाले पुढे ‘व्हॅम्पायर ट्रॅप’ म्हणू लागले.

या सगळ्याहून वजनदार पुरावा मात्र सर्बियातच आहे आणि तो ‘ड्रॅक्युला’च्या १७ वर्षे आधीचा आहे. मिलोव्हान ग्लिशिच हा सर्बियन गद्यातला विनोदी वास्तववादी लेखक, गोगोलचा अनुवादक. १८८० मध्ये त्याने ‘नव्वद वर्षांनंतर’ ही कथा लिहिली. स्त्राहिन्या हा गरीब पोरगा रादोयकावर जीव टाकतो, पण तिचा तापट बाप त्याला उभा करत नाही. निराश होऊन तो गाव सोडतो आणि झारोझ्ये या गावी पोहोचतो. तिथल्या पाणचक्कीवर रात्री राहणारा प्रत्येक माणूस सकाळी मेलेला सापडतो, म्हणून गावाला चक्कीवालाच मिळत नाही आणि पीठही नाही. स्त्राहिन्या रात्री तिथे राहायला तयार होतो. झोपायच्या जागी तो ओंडका ठेवून त्यावर पांघरूण घालतो आणि स्वतः माळ्यावर लपतो. मध्यरात्री साव्हा साव्हानोविच हा व्हॅम्पायर येतो, पांघरूण चाचपतो, आणि ओंडका हाती लागल्यावर स्वतःशीच कुरकुरतो की नव्वद वर्षांत आज पहिल्यांदाच जेवणाविना राहण्याची पाळी आली. इतक्यात माळ्यावरून बंदुकीचा बार होतो. पुढे साव्हाचे थडगे कुठे हे शोधायला गावकरी एका अतिवृद्ध, बहिऱ्या म्हातारीकडे जातात. तिच्या कानाशी ओरडून ओरडून प्रत्येक प्रश्न विचारावा लागतो. हा प्रसंग ग्लिशिच ऐसपैस रंगवतो. साव्हाचा बंदोबस्त झाल्यावर कृतज्ञ गाव स्त्राहिन्याच्या पाठीशी उभे राहते, रादोयकाला पळवून आणले जाते आणि कथा लग्नाने संपते.

यावर सर्वांत सबळ हरकत अशी निघते की इथला प्रियकर जिवंत माणूस आहे, व्हॅम्पायर हा केवळ त्याच्या वाटेतला अडथळा. हरकत रास्त आहे. व्हॅम्पायरच नायक आणि तोच प्रियकर, ही जुळणी आजच्या कादंबरीची, आणि तिच्यात रुथव्हेनचा वाटा मोठा आहे. पण रुथव्हेनकडून तिने घेतले ते देखणेपण. त्याला जेवणाची, बुटांची, सासरमाहेरची चिंता कधीच नव्हती. ती चिंता साव्हाला आहे, पेटारला आहे आणि बेट्सीला आहे. डेव्हिडसनने फ्रोमबाल्डचा अहवाल वाचला असेल असा दावा करण्याची गरजही नाही. मृत माणूस परत येतो असे एकदा मानले की त्याच्या पायांत काय, हा प्रश्न कुठल्याही मुलखात पडतो. सिंधुदुर्गातल्या आरवलीच्या वेतोबाला भाविक चामड्याच्या भल्यामोठ्या वहाणा अर्पण करतात, कारण तो रात्री गावाची राखण करत हिंडतो आणि त्या झिजतात अशी श्रद्धा आहे. वेतोबा हा रक्षणकर्ता देव, सर्बियन व्हॅम्पायरशी त्याचे कसलेही नाते नाही. पण अदृश्य शक्तीलाही चालताना पाय दुखत असतील, ही कल्पना भीतीपेक्षा जिव्हाळ्यातून येते, आणि चांगल्या विनोदाचे मूळही तिथेच असते.

म्हणून हलक्याफुलक्या व्हॅम्पायर-कादंबरीवर बोलायचे तर ती चांगली की वाईट यावर बोलावे. पुष्कळशा वाईट असतात, पण अपवित्र नव्हेत. वाईट ती, जिच्यात दात फक्त सजावटीला असतात आणि मरणाचा विसर पडलेला असतो. ग्लिशिचच्या कथेत चक्कीवरची माणसे खरोखर मरतात, म्हणूनच ओंडक्याचा प्रसंग हसवतो. झारोझ्येची ती चक्की रोगाचित्सा नदीवर होती. २०१२ मध्ये ती कोसळली, तेव्हा साव्हा आता बेघर झाला असून नवे घर शोधत फिरेल, असा इशारा स्थानिक प्रशासनाने दिला आणि ती बातमी जगभर गेली. ग्लिशिचची कथा इंग्रजीत उपलब्ध आहे. मराठीतल्या एखाद्या अनुवादकाने ती मनावर घ्यावी. नवऱ्याच्या वहाणा, बहिरी म्हातारी आणि पळवून आणलेली नवरी यांसाठी मराठी वाचकाला एकही तळटीप लागणार नाही.