ई-बुक एकच, मग देशागणिक किंमत वेगळी का?

कागदी पुस्तक बाहेरून मागवायचं तर वेळ लागतो, खर्च येतो. ई-बुक मात्र काही सेकंदांत फोनवर येतं. तरी अमेरिकेत मिळणारं ई-बुक भारतात 'उपलब्ध नाही' असं का दाखवतं, हे मला बरेच जण विचारतात. माझं उत्तर सोपं आहे: फाइलला देशाची सीमा नसते, हक्कांना असते.

हक्क देशवार विकले जातात
लेखक एका प्रकाशकाला अमेरिकेचे हक्क देतो, दुसऱ्याला ब्रिटन आणि भारताचे. भारतासाठी डिजिटल हक्क कोणीच घेतले नसतील, तर इथल्या स्टोअरमध्ये ते पुस्तक दिसणार नाही.

कॉपीराइटची मुदत वेगळी
भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं, ब्रिटनमध्ये ७०. साने गुरुजी आणि जॉर्ज ऑर्वेल, दोघांचंही निधन १९५० सालचं. त्यामुळे दोघांची हयातीत प्रसिद्ध झालेली पुस्तकं भारतात १ जानेवारी २०११ ला मुक्त झाली. ऑर्वेलचं '१९८४' ब्रिटनमध्ये २०२१ ला मुक्त झालं. अमेरिकेत ते २०४४ संपेपर्यंत कॉपीराइटखालीच राहील.

याचा फटका वाचकांना बसलाय. अमेरिकेतले हक्क नसलेल्या एका विक्रेत्याने हेच पुस्तक किंडल स्टोअरवर टाकलं होतं. जुलै २००९ मध्ये अ‍ॅमेझॉनने ते ग्राहकांच्या किंडलवरून परस्पर पुसलं. पैसे परत दिले, नंतर कंपनीच्या प्रमुखांनी जाहीर माफीही मागितली. पण विकत घेतलेलं पुस्तक वाचता वाचता गायब झालं, ते झालंच.

किंमत आणि कर
प्रकाशक प्रत्येक देशातल्या वाचकांची ऐपत आणि छापील प्रतीचा भाव बघून किंमत ठरवतो. त्यावर कर लागतो. भारतात छापील पुस्तकावर जीएसटी नाही. ई-बुकवर तो आहे. छापील आवृत्ती असलेल्या ई-बुकवरचा कर २०१८ मध्ये १८ वरून ५ टक्क्यांवर आला. ब्रिटनने ई-बुकवरचा २० टक्के व्हॅट मे २०२० मध्ये शून्य केला.

तुम्ही काय कराल?
- पुस्तक दिसत नसेल तर आधी अकाउंटमधला देश तपासा.
- परदेशी शिकायला जाताय? देश बदलण्याआधी तुमच्या अ‍ॅपचे नियम वाचा.
- फुकट ई-बुक घेताना ते भारतात मुक्त आहे का ते बघा. मूळ पुस्तक मुक्त असलं तरी त्याच्या मराठी अनुवादाचा कॉपीराइट वेगळा असतो.

आणि लक्षात ठेवा, 'खरेदी करा' हे बटण दाबल्यावर बहुतेक वेळा आपल्याला पुस्तक नाही, ते वाचायची परवानगी मिळते.