वाऱ्याच्या खुणा

आंबेगांव तालुक्यांतील निरगुडसरसारख्या गांवीं हिवाळ्याच्या पहांटे चुलींचा धूर छपरांवरच रेंगाळतो. दुपारीं तोच धूर पाहतां पाहतां वर विरून जातो. रात्रीं निवालेल्या जमिनीलगतची हवा गार व जड होऊन स्वस्थ पडते, आणि उन्हानें तापली म्हणजे वर उठून वरच्या हवेंत मिसळते, हें त्याचें कारण. परंतु ही मिसळण किती उंचीपर्यंत व किती वेगानें होते, हें ओळखावयाचें कसें? हवेला खूण कोणी करावी?

ती खूण निसर्गानेंच करून ठेविली आहे. रेडियममधून एक किरणोत्सर्गी वायु बाहेर पडतो, हें जर्मन शास्त्रज्ञ डोर्न यांनीं १९०० सालीं दाखविलें, तोच रेडॉन. माती व खडक यांतून तो अहोरात्र पाझरतो, सहसा कशाशींहि संयोग पावत नाहीं, आणि सुमारें ३.८ दिवसांत निम्मा उरतो. रात्रीं तो जमिनीजवळ सांचतो, दुपारीं पांगतो. त्याचा भाऊबंद थोरॉन अवघ्या ५६ सेकंदांत निम्मा होत असल्यामुळें फार वर पोंचतच नाहीं. निरनिराळ्या उंचीवर हे दोन वायु मोजले म्हणजे मिसळणीचा वेग गणितानें काढतां येतो.

दुसरी खूण वरून येते. विश्वकिरणांच्या आघातानें उंच हवेंत बेरिलियम-७ उत्पन्न होतें व पावसाबरोबर खालीं उतरतें. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेंतील गोयल, देवेंद्र लाल, रामा प्रभृति संशोधकांनीं १९५६ सालीं पावसाच्या पाण्यांतील अशा बेरिलियमवर निबंध प्रसिद्ध केला. तें ५३ दिवसांत निम्में होतें. त्याच रीतीनें निर्माण होणारें किरणोत्सर्गी गंधक सुमारें ८७ दिवसांत. दोहोंच्या प्रमाणावरून उंचावरची हवा खालीं येण्यास किती काळ लागला, याचा अंदाज बांधतां येतो.

पुढें १९७० सालीं रामा यांनीं रेडॉनचा उपयोग मोसमी वाऱ्यांचा मार्ग शोधण्याकडे केला. समुद्रांतून रेडॉन नाममात्रच निघतो. म्हणून अनेक दिवस सागरावरून आलेला वारा त्या बाबतींत दरिद्री, तर भूमीवरून आलेला संपन्न असतो.

तिसरी खूण मात्र मनुष्यानें केली. अणुबाँबच्या चांचण्यांची धूळ वाऱ्यानें देशोदेशीं पोंचविली, आणि तिच्यांतील स्ट्रॉन्शियम दुधावाटे मुलांच्या हाडांत उतरलें. १९६३ च्या मॉस्को करारानें अमेरिका, रशिया व ब्रिटन यांनीं हवेंतील चांचण्या थांबविल्या. त्या धुळीनेंहि शास्त्रज्ञांना वाऱ्याच्या वाटा दाखविल्या. पण हवेंत टाकलेलें विष टाकणाऱ्याच्या सीमेंत राहत नाहीं, हा धडा तिनें अधिक स्पष्टपणें शिकविला.