आखाडा नावात आहे, गावात कुठं आहे?



बाहेरगावी कुणी विचारलं "कुठले तुम्ही?" आणि आपण नुसतं "बाळापूर" म्हणालो, की समोरचा लगेच म्हणतो, "अकोल्याजवळचं का?" मग सांगावं लागतं, नाही हो, आखाडा बाळापूर. कळमनुरी तालुका, हिंगोली जिल्हा. म्हणजे आपली ओळख ज्या शब्दावर टिकून आहे तो शब्द 'आखाडा'. आखाडा साधूंचा असतो, पैलवानांचाही असतो. दोन्हीकडं अर्थ एकच, दहा माणसांनी जमायची जागा. कुणा एकाच्या मालकीची नाही, सगळ्यांची.

परवा पहाटे साडेपाचला नांदेडला निघालो होतो. हायवेच्या कडेनं सात-आठ पोरं पळत होती. पोलीस भरतीची तयारी. मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर, शिवाय १०० मीटर आणि गोळाफेक. बाजूनं उसाचे ट्रॅक्टर आणि ट्रक. गाडी थांबवून एकाला विचारलं, "बापू, मैदानावर का पळत नाहीस रे?" तो दम खात म्हणाला, "काका, कोणत्या मैदानावर?"

दिवसभर ते वाक्य डोक्यातून गेलं नाही. म्हणून ही पोस्ट. जरा लांब आहे, पण वाचा.

आपल्याकडं बाग नावाची गोष्ट नवी आहे. करमणुकीची जागा मात्र जुनी. पंचमीला लिंबाच्या फांदीला दोर बांधला की लेकीबाळींची बाग तयार. पारावर म्हातारी माणसं, नदीच्या वाळूत पोरं, आणि जत्रेत कुस्त्यांची दंगल. आधी लहान लेकरांच्या रेवड्यांच्या कुस्त्या, मग नारळावरच्या, मग रुपयांच्या, आणि दिवस मावळताना शेवटची मोठी कुस्ती. हलगीचा आवाज वाढला की बाया माळवदावर चढायच्या. तिकीट नव्हतं, कंपाउंड नव्हतं. जागा गावाची होती.

महाराष्ट्रात इतरत्र या जागांना मोठी माणसं भेटली. कोल्हापुरात शाहू महाराजांनी खासबाग मैदान उभं केलं, १९१२ साली. अमरावतीत वैद्य बंधूंनी १९१४ मध्ये हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ सुरू केलं. तिथली पोरं १९३६ च्या बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी आपले देशी खेळ जगाला दाखवून आली. अमरावती आपल्यापासून काही फार लांब नाही. पण मधे एक सीमा होती. ते इंग्रजी वऱ्हाडात, आपण निजामाच्या राज्यात.

आणि निजामाच्या राज्यात आखाडा म्हणजे नुसता व्यायाम नव्हता. गश्ती निशाण ५३ माहीत आहे ना? सभा घ्यायची तर आधी सरकारची परवानगी. हीच नजर आखाड्यांवरही होती, आखाडा काढायलासुद्धा परवानगी लागायची. सरकारला दंड-बैठकांची भीती नव्हती. रोज संध्याकाळी पन्नास पोरं एका जागी जमतात, एकमेकांवर विश्वास ठेवायला शिकतात, भीती याची होती. १९३८-३९ च्या सत्याग्रहात हजारो माणसं तुरुंगात गेली. वाचनालय, गणेशोत्सव, व्यायामशाळा अशा जागांतूनच मराठवाड्यात कार्यकर्ता घडला. १७ सप्टेंबर १९४८ ला आपण मोकळे झालो, त्यात तालमीच्या लाल मातीचाही वाटा आहे. दरवर्षी त्या दिवशी झेंडावंदनाला भाषणं होतात, त्यात ही गोष्ट क्वचितच येते.

मग स्वातंत्र्य आलं, पुढं महाराष्ट्र झाला, १ मे १९९९ ला परभणीतून वेगळा होऊन आपला हिंगोली जिल्हाही झाला. कायदाही आपल्या बाजूनं आला. ग्रामपंचायतीचा १९५८ चा कायदा आहे, त्याला एक अनुसूची जोडलेली आहे, पंचायतीनं कोणकोणती कामं करायची त्याची यादी. दिवाबत्ती, पाणी, नाल्या या सगळ्यांबरोबर त्यात खेळाच्या आणि करमणुकीच्या जागाही आहेत. आणि तिथं शब्द कोणता वापरलाय? 'आखाडे'. आपल्या गावाच्या नावातला शब्द कायद्याच्या यादीत बसलाय, आणि आपण त्याच्याबद्दल ग्रामसभेत कधी ब्र काढत नाही.

निजामाच्या काळात जागा होती, परवानगी नव्हती. आज परवानगी कुणी मागत नाही, पण जागा राहिली नाही.

ती गेली कुठं? एका रात्रीत नाही गेली. रस्ता रुंद झाला, कडेची झाडं गेली. मोकळ्या जागेत आधी कुणी कडबा रचला, मग पत्र्याचा आडोसा, मग टपरी, मग पक्की भिंत. गायरानाचं तेच झालं. यात एकट्या पुढाऱ्याला शिव्या देऊन भागत नाही. कडबा रचला तेव्हा आपण शेजारी होतो, गप्प बसलो. मी पत्रकार, मीही बातमी केली नाही. वाटलं, कशाला गावात वाईट व्हायचं?

सर्वोच्च न्यायालयानं २८ जानेवारी २०११ ला जगपाल सिंग खटल्यात स्पष्ट सांगितलंय की गावाच्या सामाईक जमिनीवरची अतिक्रमणं काढून ती जमीन गावाला परत द्या. आपल्या राज्यानंही त्याच वर्षी जुलैमध्ये शासन निर्णय काढला. कागद भक्कम आहे. कागद हातात घेऊन उभा राहणारा माणूस कमी आहे.

हिंगोलीचं रामलीला मैदान बघा. दसऱ्याला रामलीला, रावणदहन, प्रदर्शन, आकाशपाळणे. पिढ्यान् पिढ्या माणसं तिथं जमतात. माझं मत असं की मैदान कुंपणानं राखलं जात नाही, माणसांच्या पायांनी राखलं जातं. जिथं रोज लेकरं खेळतात तिथं टपरी टाकायला माणूस दहादा विचार करतो. शाळांची मैदानं आहेत, पण सुट्टी झाली की फाटकाला कुलूप. आणि मुलींनी, बायांनी संध्याकाळी घटकाभर बसायचं कुठं, हा प्रश्न तर आपण विचारलेलाच नाही.

आता कामाचं. तीन गोष्टी करता येतात, तिन्हीला पैसा लागत नाही.

एक, तलाठ्याकडं जाऊन गाव नमुना १-ब आणि १-ई बघा. पहिल्यात गावची सरकारी जमीन दिसते, दुसऱ्यात तिच्यावरचं अतिक्रमण. भांडण नको, आधी नुसती माहिती काढू.

दोन, वर्षात किमान चार ग्रामसभा घ्याव्याच लागतात. पुढच्या सभेत एकच ठराव मांडू: गावासाठी एक मैदान, पहाटे आणि संध्याकाळी सगळ्यांना खुलं, त्यात मुलींसाठी ठरलेली वेळ. सभेला शंभर जण आले तर ठराव पुसता येणार नाही.

तीन, तोपर्यंत एखाद्या शाळेचं फाटक पहाटे दोन तास उघडं ठेवता येईल का, ते गुरुजींना भेटून विचारू. किल्ली सांभाळायला मी तयार आहे.

जुन्या माणसांना एक विनंती. तुमच्या लहानपणी कुस्त्या कुठं व्हायच्या, झोके कोणत्या झाडाला बांधायचे, ते नातवाला प्रत्यक्ष नेऊन दाखवा. आज तिथं दुकान असलं तरी दाखवा. जागा होती, एवढं तरी त्याला कळू द्या.

तो पोरगा उद्या पहाटेही हायवेवरच पळणार आहे. गाडी चालवणाऱ्यांनो, तोवर जरा हळू.